मिक्सिंग आणि मास्टरिंग: 'नेव्हरमाइंड'ची चकाकी आली कुठून?

भाचा इंजिनिअरिंगला आहे, बेळगावच्या टिळकवाडीत मित्रांबरोबर बँड चालवतो. परवा पेन ड्राइव्ह घेऊन आला.

"मामा, चार गाणी आहेत. रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं झालंय. तुम्ही फक्त मास्टरिंग करून द्या. निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमसारखं चकचकीत पाहिजे."

ऐकलं. गाणारा कुठंतरी गिटारींच्या मागे, खडेबाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी हरवल्यासारखा. झांजा मात्र कानात सुया टोचत होत्या. म्हटलं, "हे मास्टरिंगनं होणारं काम नव्हे रे, मिक्सिंग परत करायला लागतंय."

"दोन्ही एकच की!"

एकच नाही. मिक्सिंगच्या वेळी प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हाताशी असतं. गळा म्हणजे गायकाचा आवाज वर घ्या, खर्जातली बेस गिटार जाड करा, एक गिटार डावीकडे आणि दुसरी उजवीकडे सरकवा, ड्रमला घुमारा द्या. हे सगळं जुळवून शेवटी डाव्या-उजव्या कानाची एकच फाइल निघते. मास्टरिंगवाल्याच्या हातात येते ती ही फाइल. तो तिचा एकंदर खर्ज-तीव्र तोल सावरतो, सगळ्या गाण्यांची पातळी एकमेकांशी जुळवतो, दोन गाण्यांमधली शांतता ठरवतो. वडगाव-खासबागच्या मागावर विणताना धागा सुटला, तर साडीला इस्त्री मारून तो जागेवर येत नाही.

आता 'नेव्हरमाइंड'. 1991च्या मे-जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत निर्माता बुच विगनं तो रेकॉर्ड केला. गळा जाड वाटावा म्हणून बँडचा गायक कर्ट कोबेनकडून तेच गाणं दोनदा गाऊन घेऊन एकावर एक लावायचं, हा प्रकारही तिथंच झाला. कोबेनला ते रुचेना, तेव्हा विगनं त्याला सांगितलं की बीटल्सचा जॉन लेननही असंच करायचा. म्हणजे थोडी चकाकी रेकॉर्डिंगमध्येच शिरली होती. पण विग आणि बँडनं मिळून केलेलं मिक्सिंग कुणालाच पटलं नाही. मग मिक्सिंगसाठी अँडी वॉलेसला बोलावलं, तेही त्यानं स्लेयरसारख्या कर्कश बँडचं काम केलं होतं म्हणून! त्यानं ड्रमला नमुना-ध्वनींचा (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजांचा) आधार देऊन मोठ्या खोलीचा घुमारा दिला, गिटारींची भिंत उभी केली आणि गळा त्या भिंतीच्या पुढे आणला. मास्टरिंग हॉवी वाइनबर्गचं, पण लोक जिला चकाकी म्हणतात ती त्याच्याकडे पोचण्याआधीच तयार होती. जानेवारी 1992मध्ये हा अल्बम मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमच्या यादीत पहिला आला. पुढे कोबेन म्हणायचा की हा आवाज पंक या खडबडीत रॉकपेक्षा मॉट्ली क्रू या चकचकीत मेटल बँडच्या जवळचा झाला, त्याची लाज वाटते. मला ते पुरतं पटत नाही. त्या चाली मुळातच गोड होत्या.

मास्टरिंग कुठवर ताणता येतं हे पाहायचं तर पुढचा अल्बम ऐकावा, 1993चा 'इन युटेरो'. स्टीव्ह अल्बिनीनं तो मिनेसोटात मुद्दाम खडबडीत रेकॉर्ड केला. रेकॉर्ड कंपनी नाराज झाली, बँडलाही गळा आणि बेस दबल्यासारखा वाटू लागला. अल्बिनी परत मिक्स करायला तयार नव्हता. तेव्हा बॉब लुडविगनं मास्टरिंगमध्येच जमेल तितका बेस आणि गळा वर आणला. पण 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' या दोन गाण्यांना तेवढं पुरलं नाही, ती आर.ई.एम. बँडचा निर्माता स्कॉट लिट याच्याकडून नव्यानं मिक्स करून घ्यावी लागली. लुडविगसारख्या माणसाचे हात जिथं टेकले, तिथं माझी काय कथा!

"आणि आवाज मोठा करणं?" भाच्यानं विचारलं. ते मास्टरिंगमध्ये होतं खरं. पण स्पॉटिफाय ऐकवताना सगळी गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) पातळीला आणतं. तुम्ही ठोकून ठोकून मोठं केलंत तर ते खाली ओढतं, आणि मोठं करताना चेपलेला ड्रम तेवढा चेपलेलाच राहतो.

त्याला म्हटलं, "सुटे ट्रॅक आण, मिक्सिंगच करून देतो."

"ते दोस्ताच्या लॅपटॉपवर होते. जागा कमी पडली म्हणून त्यानं उडवले."

आता सॉफ्टवेअर लावून त्या एका फाइलमधून गळा सोडवून बघतोय. निघतो, पण झांजांची सळसळ त्याला चिकटूनच येते.