खुलासा : ‘दोष जाहीर केला की चोरांचंच फावतं’

मालवणच्या होमस्टेवाल्यांत एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘सॉफ्टवेअरमधला दोष जाहीर करणारेच हॅकरना वाट दाखवतात.’ अर्धवट माहिती! सर्वमान्य रीत अशी, की शोधणारा आधी कंपनीला गुपचूप कळवतो; आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवता येतं. गूगलची दोष शोधणारी प्रोजेक्ट झीरो टीम दोष जाहीर करण्याआधी दुरुस्तीला ९० दिवस देते. दोषाचा गैरवापर आधीच सुरू असेल, तर फक्त ७. मुदतीचा बडगा नसला की काही कंपन्या ढिम्म हलत नाहीत.

फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवा. त्याने वापरलेल्या दोषावर मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती, हल्ला झाला मे महिन्यात. फटका बसला तो अपडेट न केलेल्या विंडोजना. ऐन सीझनमध्ये बुकिंगचा पीसी अडकायला नको म्हणून ‘रिमाइंड मी लेटर’ दाबत राहणाऱ्यांनी या दोन तारखा पाहाव्यात.