कुलूप ज्याचे, किल्ली त्याच्याच खिशात

साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होते. ज्या गव्हाणीत हंगामाच्या आरंभी मोळी टाकलेली असते, तिच्यातच आता फिटर उतरतो आणि ऊस पुढे नेणाऱ्या केन कॅरिअरच्या साखळ्या तपासू लागतो. यंत्राच्या आत तो असतो. मोटर सुरू करणारे पॅनेल मात्र त्याच्या नजरेआड असते.

‘स्टॉप’चे बटण दाबले आहे, एवढ्यावर त्याने विसंबता कामा नये. हे बटण कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, कॉइलचा पुरवठा तोडते, आणि कॉइल सुटल्यावर तिन्ही फेजचे संपर्क उघडणे अपेक्षित असते. त्यांपैकी एखादा संपर्क ठिणग्यांनी वितळून चिकटला असेल, तर मोटर थांबते, पण तिच्या टर्मिनलवर जमिनीच्या तुलनेत सुमारे २४० व्होल्ट तसेच राहतात. मला हा दोष सर्वांत घातक वाटतो, कारण थांबलेली मोटर पाहून माणूस निर्धास्त होतो.

म्हणून मुख्य आयसोलेटर, म्हणजे पुरवठा पूर्ण तोडणारा हाताने चालवायचा स्विच, बंद करून त्याच्या हँडलला कुलूप लावायचे. नुसती ‘काम चालू आहे’ अशी पाटी पुरत नाही. कागद कुणाचा हात धरत नाही. चार जण काम करत असतील, तर हँडलमध्ये अडकवलेल्या अनेक छिद्रांच्या कडीला, म्हणजे हास्पला, चौघांची चार कुलुपे लागतात आणि शेवटचे निघेपर्यंत हँडल हलत नाही.

कुलूप लागल्यावरही वीज उरते. मोटरला व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, जोडलेला असेल, तर ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यातून त्याच्या कपॅसिटरमध्ये ५५० व्होल्टहून अधिक डीसी साठलेले असते, आणि ते उतरायला काही मिनिटे लागतात. किती थांबायचे, ते ड्राइव्हवर लिहिलेले असते. त्यानंतर टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर, मग मोटरच्या टर्मिनलवर आणि पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून पाहायचा, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच दाखवतो.

एखादा कामगार चुकून किल्ली घेऊन घरी गेला, तर कटर आणून कुलूप तोडण्याची घाई होते. यंत्रांना कुलूप लावण्याबाबतच्या अमेरिकेच्या १९८९ च्या नियमानुसार अशा वेळी तो आवारात नाही याची आधी खात्री करावी लागते, त्याच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा लागतो, आणि तो कामावर परतताच, यंत्राला हात लावण्यापूर्वी, त्याचे कुलूप काढल्याचे त्याला सांगावे लागते.