‘काम काढणारी’ गाडी: खर्चिक की बेभरवशाची?

सोलापुरात जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं नाव काढा, पहिला सल्ला ठरलेला: “नको, फार काम काढते.” या एका वाक्यात दोन निराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. एक गाडी पैसे खाते, पण रोज सुरू होते. दुसरी वर्षभर काही मागत नाही आणि एक दिवस टेंभुर्णीच्या अलीकडे इंजिन संपवून उभी राहते. पहिली खर्चिक, दुसरी बेभरवशाची. माझ्या मावसभावाने हा फरक न करता एक चांगली गाडी सोडली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या गाडीचे मागचे टायर संपत आले होते, ब्रेक डिस्कना कड आली होती, क्लच वर धरत होता. आकडा ऐकून त्याचे डोळे फिरले. पण ही सगळी झीज आहे. रुंद, मऊ रबराचे टायर लवकरच जातात. ऑडी आर-८चे चुंबकीय शॉक अॅब्सॉर्बर गळायला लागले की बिल मोठं येतं, तरी गाडी तुम्हाला घरी आणून सोडते. झीज डोळ्यांना दिसते, मोजता येते आणि तिचे पैसे किमतीतून वळते करून घेता येतात.

दोषाचं तसं नाही, तो आत असतो. पोर्शेच्या १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ कॅरेरा घ्या. इंजिनात एक मधला शाफ्ट आहे, तो टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारी साखळी) फिरवतो आणि त्याच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. काळानुसार आतलं ग्रीस धुऊन जातं आणि सीलमुळे इंजिनचं ऑइल तिथे नीट पोचत नाही. बेअरिंग फुटलं की शाफ्ट हलतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सगळ्या गाड्यांत असं होतं असं मुळीच नाही; बहुतेक गाड्या हे दुखणं न दाखवता चालतात. जास्त धोका साधारण २००० ते २००५च्या इंजिनांना. त्यानंतर बेअरिंग मोठं झालं, तक्रारी खूप कमी झाल्या, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय ते निघत नाही. २००९च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच ठेवला नाही. त्या काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३चं इंजिन वेगळ्या घराण्याचं, त्यांना हा प्रश्न नव्हता. म्हणजे तेच नाव, तोच आकार, पण एका वर्षाच्या फरकाने जोखीम बदलते.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की दोष ओळखला तर तो बऱ्याचदा खर्चात बदलता येतो. जास्त धोक्याच्या इंजिनांत क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच असेल, तर तेव्हाच नवं बेअरिंग बसवता येतं. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३च्या व्ही-८ एम-३मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं वेळेआधी झिजतात. इंजिन बाहेर न काढता, खालून ऑइल पॅन उतरवून ती बदलून घेता येतात. त्या कामाचं बिल फायलीत असेल तर ती गाडी मी महाग असूनही घेईन.

सोलापुरात हा फरक जास्त बोचतो. अशा गाडीचा जाणकार मिस्त्री पुण्यात, म्हणजे अडीचशे किलोमीटर. पुण्यातल्या मालकाला जे दुपारभराचं काम, ते आपल्याला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वाहून नेणारा ट्रक, मागवून करावं लागतं. त्यात आपला मे महिना, चाळिशीच्या वरचा पारा आणि धूळ. बॉक्स्टर आणि ९११चे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत असतात. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत लिंबाचा पाला, माती साचते. तिथे टॉर्च मारून पाहा. साफ करायला फारसे पैसे लागत नाहीत, न केलं तर मात्र तापमान चढतं.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन गार असू दे. इंजिन आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिनची पहिली खडखड आणि धूर हेच ऐकायचं, बघायचं असतं. स्कॅनर लावल्यावर दोषाचा कोड एकही नाही, पण गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्याही अपूर्ण दिसल्या, तर मेमरी नुकतीच पुसली असण्याची शक्यता मोठी. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघायला लावा. टायरवरच्या चार आकड्यांवरून तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. ‘रनिंग कमी’ याला मात्र भुलू नका. उभ्या गाडीचे सील सुकतात आणि छोट्या फेऱ्यांनी ऑइलमध्ये ओल धरते.

मावसभाऊ त्यानंतर ज्या गाडीला टोकन द्यायला निघाला, ती आरशासारखी चकचकीत पोर्शे, सिंगल ओनर, वर्ष धोक्याच्या पट्ट्यातलं. मी फाइल मागवली. दोन वर्षांपूर्वी क्लच बदलल्याचं बिल होतं. गिअरबॉक्स उतरवला होता आणि बेअरिंगचा उल्लेख कुठेच नव्हता. टोकन दिलं नाही. झिजलेल्या टायरची ती पहिली गाडी तोवर विकली गेली होती.