तिकीट, फाटक आणि गर्दी : इंग्लिश फुटबॉलमधील एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम चालू असताना, घरच्या मैदानावरील उरलेल्या लीग सामन्यांच्या तिकिटांचा दर सभासदांसाठी सरसकट ६६ पौंड केला आणि मुलांना व ज्येष्ठांना मिळणारी सवलत बंद केली. त्याविरुद्धच्या निदर्शनांची कारणे उघड होती. मात्र इंग्लंडमध्ये तिकिटाचा विषय निघाला की दर, विक्रीची पद्धत, बाहेरगावच्या समर्थकांचा कोटा आणि प्रवेशद्वारावरील व्यवस्था हे सगळे प्रश्न एकाच दमात मांडले जातात. बाहेरच्या माणसाला ही सरमिसळ वाटते. तिथल्या समर्थकांना तशी ती वाटत नाही, याचे कारण गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

पूर्वी बहुतेक सामन्यांना आगाऊ तिकीट नसे. सामन्याच्या दिवशी, एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकाशी रोख पैसे द्यायचे आणि आत जायचे, अशी रीत होती. किती माणसे आत गेली ते फाटकाच्या मोजणीवरून कळे. किती येणार आहेत ते मात्र कुणालाच ठाऊक नसे. २८ एप्रिल १९२३ रोजी वेम्बलीवर बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम यांच्यात एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे सव्वा लाखांच्या मैदानात दोन लाखांहून अधिक लोक शिरल्याचा अंदाज केला गेला. प्राणहानी टळली आणि पुढच्या वर्षापासून अंतिम सामन्यासाठी आगाऊ तिकिटे सक्तीची झाली. इतर सामन्यांपर्यंत हा शहाणपणा पोहोचला नाही. ९ मार्च १९४६ रोजी बोल्टनच्याच बर्न्डेन पार्कवर कठडे मोडून ३३ जणांचा जीव गेला. चौकशी अहवालाने मैदानांना परवाने द्यावेत आणि गर्दी शास्त्रशुद्ध मोजावी असे सुचवले. अंमलबजावणी मात्र क्लबांच्या मर्जीवर राहिली. सुरक्षा प्रमाणपत्राचा कायदा आला तो १९७५ मध्ये, तोही ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातील जिन्यावर १९७१ च्या जानेवारीत ६६ माणसे चिरडून मेल्यानंतर.

तिकीटविक्रीतील चूक किती महागात पडू शकते, हे २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर, लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातील युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात दिसले. लिव्हरपूलच्या समर्थकांना लागून असलेला झेड हा विभाग तटस्थ प्रेक्षकांसाठी राखून ठेवून त्याची तिकिटे बेल्जियममध्ये खुली विकली गेली. ती मोठ्या संख्येने युव्हेंटसच्या इटालियन समर्थकांच्या हाती पडली. दोन्ही गटांत उरले ते एक तकलादू कुंपण. लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी त्यावरून हल्ला चढवला, पलीकडचे लोक मागे हटत भिंतीशी दाबले गेले, भिंत कोसळली आणि ३९ जण गेले. हल्ला करणाऱ्यांचा गुन्हा त्यामुळे हलका होत नाही. मात्र त्या रात्रीनंतर इंग्लंडमधील सरकार आणि पोलिस फुटबॉलच्या गर्दीकडे केवळ हुल्लडबाजी म्हणून पाहू लागले, आणि त्या नजरेची किंमत चार वर्षांनी मोजावी लागली.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड वेन्सडे क्लबच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलचा समर्थकवर्ग मोठा असूनही त्यांना मैदानाची लहान बाजू दिली गेली, कारण दोन्ही गावांहून येणारे लोक वाटेत एकमेकांसमोर येऊ नयेत हा पोलिसांचा हिशोब होता. फॉरेस्टकडील सुमारे २९,८०० जागांसाठी ६० फिरती फाटके होती, तर लिव्हरपूलकडील सुमारे २४,३०० प्रेक्षकांसाठी लेपिंग्स लेनवर फक्त २३. त्यातही उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांच्या वाट्याला ७ फाटके आली. एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त ७५० माणसे जाऊ शकतात असे तेव्हाचे अधिकृत मार्गदर्शन सांगत होते. म्हणजे सगळे अगदी शिस्तीत आले असते, तरी तेवढ्यांना आत घ्यायला जवळपास दोन तास लागणार होते. ही गोष्ट सामन्याच्या दिवशी अचानक उद्भवलेली नव्हती; तिकिटांची वाटणी झाली त्याच दिवशी हे गणित बिघडले होते.

आत गेल्यावरची व्यवस्था त्याहून वाईट होती. १९८१ च्या उपांत्य सामन्यात याच टोकाला दाटी होऊन ३८ जण जखमी झाले, तेव्हा उभ्याच्या गॅलरीत आडवी कुंपणे घालून तिचे कप्पे पाडण्यात आले. पण तिकीट मात्र संपूर्ण गॅलरीचेच राहिले. कोणी कोणत्या कप्प्यात उभे राहायचे हे त्यावर नसे आणि कप्प्यागणिक मोजणीही होत नसे. फाटकातून आत पाऊल टाकताच समोर एक बोगदा दिसे, त्यावर उभ्याच्या जागेची पाटी, आणि तो थेट मधल्या ३ व ४ क्रमांकाच्या कप्प्यांत उतरे. बाजूच्या कप्प्यांकडे वळायचे कसे हे नवख्या माणसाला कळण्याजोगी दुसरी खूण जवळपास नव्हती. २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेरची दाटी जिवावर बेतेल म्हणून पोलिसांनी सी हे मोठे दार उघडायला लावले, बोगदा मात्र बंद केला नाही. आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत लोंढा उतरला. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवण्यात आला. मृतांची संख्या आज ९७ आहे. शेवटचा मृत्यू त्या दिवशीच्या इजांमुळे २०२१ मध्ये झाला.

त्याच दुपारी बंदोबस्तावरील प्रमुख अधिकाऱ्याने फुटबॉल संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले, की समर्थकांनीच दार फोडले. दार उघडण्याचा हुकूम त्याचाच होता. पाठोपाठ बिनतिकीट आणि दारू प्यायलेल्या झुंडीची कहाणी पसरवली गेली. सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या तज्ज्ञांनी मोजदाद केली, तेव्हा त्या गॅलरीत शिरलेल्यांची संख्या विकलेल्या तिकिटांच्या आसपासच निघाली. एकूण आकडा बरोबर होता; माणसे चुकीच्या कप्प्यांत गेली होती. तरीही ते बालंट पुसायला २०१२ चा स्वतंत्र समितीचा अहवाल आणि २०१६ च्या न्यायचौकशीचा निकाल यावा लागला. हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यांना हातभार लागला नव्हता, असे त्या निकालाने नोंदवले.

हिल्सबरोच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल १९९० च्या जानेवारीत आला. सरकारला हवी असलेली समर्थकांच्या ओळखपत्रांची सक्ती त्यांनी फेटाळली, कारण फाटकावर आणखी एक तपासणी म्हणजे आणखी दाटी. उभ्याच्या गॅलऱ्या काढून सर्वत्र आसने बसवावीत ही त्यांची शिफारस इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या दोन श्रेणींसाठी १९९४ पासून लागू झाली. त्याच वर्षीच्या फौजदारी कायद्याने फुटबॉलची तिकिटे परवानगीशिवाय विकणे गुन्हा ठरवले. गाण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट चढ्या भावाने विकणाऱ्याला तो कायदा हात लावत नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे यामागे ग्राहकहितापेक्षा समर्थकांचे गट वेगळे ठेवण्याचा विचार होता हे कळते. टेलर यांची एक सूचना मात्र सोयीस्करपणे विसरली गेली. आयब्रॉक्सवर आसनाला ६ पौंड आणि उभ्याला ४ पौंड पडतात हे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले होते, की उभ्याने पाहणाऱ्यांच्या खिशाला परवडतील असे आसनांचे दर ठेवणे शक्य आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि दर त्या हिशोबात राहिले नाहीत. सुरक्षिततेच्या नावाने जागा कमी झाल्या आणि त्या महागही झाल्या, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे.

ती सर्वांत ठळकपणे दिसली ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर. नव्या मुख्य स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार होते, म्हणून सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला सुमारे १०,००० लोक उठून बाहेर पडले. संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होते. सामना २-२ असा संपला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून बेत मागे घेतला. त्यानंतर २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगने पाहुण्या समर्थकांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली.

सुरक्षिततेची चिंता मात्र इतिहासजमा झाली नाही. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवरील युरो अंतिम सामन्यात सुमारे २,००० बिनतिकीट लोक घुसले. कोविडमुळे हजारो जागा रिकाम्या राहणार हे आधीच जाहीर असल्याने त्यांना आत जागा मिळण्याची खात्री होती. म्हणजे इथे खरोखरच बिनतिकिटांनी धोका निर्माण केला, हेही सांगितले पाहिजे. पण पुढच्याच वर्षी, २८ मे २०२२ रोजी, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यावेळी पॅरिसच्या स्ताद द फ्रान्स मैदानाबाहेर जुनी कहाणी जशीच्या तशी परतली. रेल्वेच्या संपामुळे गर्दी एकाच मार्गाकडे वळली होती आणि तिकीट तपासणीचा पहिला टप्पा नेमका अरुंद जागी होता. लिव्हरपूलचे समर्थक त्यात तासन्‌तास अडकले, मुलाबाळांवर अश्रुधूर सोडला गेला, आणि फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी ३० ते ४० हजार लोक बिनतिकीट किंवा बनावट तिकिटांवर आल्याचे जाहीर केले. फाटकावर प्रत्यक्षात सुमारे २,६०० बनावट तिकिटे सापडली होती. २०२३ च्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेवर टाकली आणि तिथे मोठी मनुष्यहानी थोडक्यात टळल्याचे नमूद केले.

उभ्याने सामना पाहण्याची मुभा प्रत्येक आसनापुढे कठडा बसवून २०२२ मध्ये वरच्या दोन श्रेणींत परत आली. प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यामुळे हिल्सबरोसारखी एकाच कप्प्यात दाटी होण्याचा धोका त्यात बराच कमी आहे. तिकीट आता मोबाइलवर आले आहे. कोण कधी आत गेले आणि कोणाची जागा रिकामी राहिली, हे क्लबला तत्काळ कळते. ही माहिती गर्दी सांभाळण्यासाठी आहे की नियमित न येणाऱ्याचे सीझन तिकीट काढून घेऊन चढ्या दराने विकण्यासाठी, हा समर्थकांचा आजचा संशय आहे. २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमून तिकीटदरांबाबत समर्थकांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक केले. दर रोखण्याचा अधिकार मात्र त्या सल्लामसलतीत समर्थकांना मिळालेला नाही.