प्रथमावृत्तीची ओळख

प्रथमावृत्तीची ओळख : हाती आलेली प्रत पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईतलीच आहे का, हे ठरवण्याची संग्राहकांची रीत. जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला वाडा उतरवताना माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत येतात. त्यांत कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ (१९४२) निघाली, की पहिला प्रश्न हाच असतो.

पाहणी शीर्षकपानाच्या पाठीमागून सुरू होते. तिथे ‘आवृत्ती पहिली’ असे छापलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. आवृत्ती (मजकूर नव्याने जुळवून काढलेली) आणि पुनर्मुद्रण (तोच मजकूर पुन्हा छापणे) हा भेद मराठी प्रकाशकांनी नेहमीच पाळलेला नाही. प्रस्तावनेखालची तारीख तर पुढच्या आवृत्त्यांतही तशीच राहते. वर्ष शकात असेल तर ७८ मिळवावेत, जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९.

खरी साक्ष किंमत आणि शुद्धलेखन देतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्याआधी किंमत रुपये-आण्यांत असे. ‘नये पैसे’ हे शब्द १९५७ ते १९६४ एवढ्याच काळातले. १९४२ ची म्हणून दाखवलेल्या प्रतीवर ते दिसले, तर निदान कव्हर तरी नंतरचे समजावे, कारण शिल्लक फर्म्यांना, म्हणजे छापून बांधणीविना पडून राहिलेल्या पानांना, नवे कव्हर चढवूनही पुस्तके विकली जात. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. चाळिशीच्या दशकातले पुस्तक त्यांच्याविना असेल, तर ते बहुधा पुन्हा जुळवून छापलेले असते. उलट बाजूने हा कस चालत नाही: जुनी पाने जशीच्या तशी ऑफसेटवर (पानाचे छायाचित्र घेऊन सपाट पत्र्यावरून होणाऱ्या छपाईत) घेतली, की अनुस्वारही तसेच उतरतात. अशा वेळी पानाच्या पाठीवरून बोट फिरवावे. खिळ्यांचा, म्हणजे जुन्या छपाईतल्या धातूच्या अक्षरांचा, दाब बोटाला लागतो, ऑफसेटचे पान सपाट असते. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे.

वाचनालयाच्या प्रती संग्राहक सहसा नाकारतात: कव्हर गेलेले, कडा कापून जाड बांधणी केलेली, पानोपानी शिक्के. बाजारभावासाठी ते ठीक आहे, पण कालनिश्चितीसाठी अशी प्रत मोलाची असते. शिक्क्यातली दाखल-तारीख १९४३ ची असेल, तर ती प्रत त्यानंतर छापलेली असूच शकत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. शेजारी ठेवून ताडून पाहायला जुनी प्रत हवी असेल, तर आधी तिथे विचारावे.