मणी हळू गार करणं म्हणजे ॲनीलिंग नव्हे

गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचेचे मणी करू लागलेल्या बऱ्याच जणांची एक समजूत असते. मणी ज्योतीतून काढला, सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला किंवा गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारं दाणेदार खनिज) खोचला, सावकाश गार होऊ दिला, की ॲनीलिंग, म्हणजे काचेत कोंडलेला ताण काढून टाकणं, झालं. तसं नाही. ब्लँकेटमध्ये काय आणि भट्टीत काय, मणी हळूच गार होतो, म्हणून घोटाळा होतो. ब्लँकेट मण्याला आत्ताच्या आत्ता तडकू देत नाही, एवढंच. त्याच्या आतला ताण काढायचं काम भट्टीचं.

हा ताण येतो कुठून? मण्याचा पृष्ठभाग आधी गार होऊन कडक होतो. गाभा अजून गरम असतो. तो नंतर आक्रसू पाहतो, पण बाहेरचं कवच आता हलायला तयार नसतं. शेवटी बाहेरचा थर दाबलेला आणि गाभा ओढलेला, अशा अवस्थेत मणी थिजतो. काच दाब भरपूर सोसते, ओढ फार कमी. १६६० साली प्रिन्स रूपर्टने इंग्लंडमध्ये नेलेले काचेचे थेंब याच कारणाने गाजले: वितळलेली काच थंड पाण्यात टाकून केलेल्या थेंबाचं डोकं हातोडीचा घाव सोसतं, पण शेपूट मोडली की अख्ख्या थेंबाचा भुगा होतो. मण्यातला ताण इतका टोकाचा नसतो, पण जात तीच. म्हणूनच धड दिसणारा मणी काही महिन्यांनी, कुणी हात न लावता, भोकापासून चिरतो.

ॲनीलिंगचं सगळं मर्म तापमानाच्या एका पट्ट्यात आहे. मण्यांसाठी सर्रास वापरली जाणारी १०४ प्रसरणांकाची (तापल्यावर काच किती फुगते ते सांगणारा आकडा) मऊ काच ५२० अंश सेल्सिअसच्या आसपास दिसायला घट्टच असते, आकार सोडत नाही, पण आतल्या आत एवढी सरकते की ताण काही मिनिटांत निवळतो. ४५० च्या सुमाराला त्याच कामाला तासन्‌तास लागतात आणि त्याच्या बरंच खाली ते जवळजवळ थांबतंच. म्हणून भट्टीत नेहमीच्या आकाराचा मणी ५१० ते ५२० अंशांवर अर्धा-एक तास ठेवतात आणि मग हा पट्टा पूर्ण ओलांडेपर्यंत संथ उतरवतात. बोरोसिलिकेट या जास्त कडक, कमी फुगणाऱ्या काचेला हेच ५६० च्या आसपास करावं लागतं.

ब्लँकेटमध्ये तापमान कुठेच थांबत नाही, ते घसरतच राहतं. मणी लाल असताना ठेवला तर तंतू चिकटतात आणि पृष्ठभाग खराब होतो. उशीर केला तर ताण आधीच कोंडला गेलेला असतो. ज्योतीच्या टोकाशी मणी फिरवत ठेवणं चांगलंच, कारण त्याने मणी सगळीकडून सारखा तापतो, पण तेही भट्टीची जागा घेत नाही. लहान मणी यातून निभावतात, आणि त्यामुळेच ही समजूत टिकून आहे. जाडी दुप्पट झाली की उष्णता बाहेर पडायला साधारण चौपट वेळ लागतो, त्यामुळे लहान मण्यावरचा अनुभव मोठ्या मण्याला लावू नये.

ताण पाहताही येतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची काच पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. मधे पारदर्शक मणी धरा. ताण असेल तिथे उजळ डाग किंवा फुलीसारखी आकृती उमटते. गोल मणी भिंगासारखा वागतो, म्हणून तो पाण्याच्या पारदर्शक भांड्यात बुडवून पाहिला की चित्र जास्त स्वच्छ दिसतं. अपारदर्शक मण्यात अर्थातच काही दिसत नाही.

मग ब्लँकेट टाकून द्यायचं का? मुळीच नाही. दिवसभराचे मणी त्यात गार करावेत आणि नंतर सगळे एकत्र भट्टीत लावावेत; ही पद्धत पूर्णपणे योग्य आहे. फक्त भट्टीचं तापमान चढवताना घाई नको. गार मणी झपाट्याने तापला तर आधी बाहेरचा थर फुगतो, गाभ्यावर ओढ येते आणि मणी भट्टीतच फुटतो. विकायचा किंवा कुणाच्या गळ्यात जायचा मणी भट्टीतून गेलेलाच असावा, याबाबत मी ठाम आहे. एक गोष्ट मात्र भट्टीच्याही हातात नाही: वेगवेगळ्या प्रसरणांकाच्या काचा एका मण्यात एकत्र केल्या असतील, तर तो ताण कितीही वेळ ठेवलं तरी गार होताना पुन्हा येतो.