योम किप्पूर

योम किप्पूर : ज्यू धर्मातील प्रायश्चित्ताचा दिवस आणि वर्षातील सर्वांत कडक उपवास. हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दशमीला तो येतो; इंग्रजी महिन्यांत सप्टेंबर किंवा ऑक्टोबर. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी आला. 2026 मध्ये तो 20 सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून 21 सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत आहे. कोकणातील बेने इस्राएल ज्यू त्याला पूर्वी दारफाळणीचा, म्हणजे दार लावून घेण्याचा, सण म्हणत. हिब्रू नाव त्यांच्यात नंतर रुळले.

आपल्याकडे उपवास म्हटला की साबुदाणा, वरी, रताळे डोळ्यांपुढे येते. इथे फराळ नाही, पाणीही नाही. शिवाय हा मनाने धरलेला नवससायासाचा उपवास नव्हे. तो शास्त्राने लावलेला आहे, आणि कोणी करायचा नाही हेही शास्त्रच सांगते. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 16 व्या आणि 23 व्या अध्यायांत ‘जिवाला क्लेश द्या’ अशी आज्ञा आहे. या क्लेशाचे पाच निषेध परंपरेने ठरवले : खाणेपिणे, अंग धुणे, तेल किंवा अत्तर लावणे, चामड्याची पादत्राणे घालणे आणि पतिपत्नीचा संग. चामड्याचा पट्टा किंवा घड्याळाचा पट्टा चालतो. निषेध पायांपुरताच आहे. म्हणून त्या दिवशी नेटक्या पांढऱ्या कपड्यांखाली कॅनव्हासचे बूट नाहीतर रबरी चपला दिसतात. सकाळी हात बोटांच्या पेरांपर्यंतच धुतात. अंगाला घाण लागली असेल तर तेवढी जागा धुता येते. त्याखेरीज शब्बाथप्रमाणे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाप्रमाणे, काम, विस्तव, प्रवास आणि पैशांचा व्यवहार बंद असतो.

उपवास सुमारे 25 तासांचा. सूर्यास्ताच्या थोडे आधीच तो धरतात, कारण पवित्र काळात साध्या दिवसाची काही मिनिटे मिळवावीत असा नियम आहे. सुटतो दुसऱ्या रात्री तीन तारे दिसल्यावर. पंचांग अशा रीतीने बसवले आहे की हा दिवस शुक्रवारी किंवा रविवारी पडत नाही. पडला असता तर शब्बाथ धरून सलग दोन दिवस ना स्वयंपाक करता आला असता, ना मृताला पुरता. प्रत्यक्ष शनिवारी मात्र तो येतो, आणि शब्बाथ असूनही पाळला जाणारा हा एकमेव उपवास आहे.

आदल्या दिवशी, नवमीला, पोटभर जेवणे हेसुद्धा धर्मकर्तव्यच. शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपतात. त्यात चुका ठरलेल्या : लोणचे-पापडासारखे खारट, तळलेले किंवा तिखट खाल्ले की मध्यरात्रीच घसा सुकतो. भात, पोळी, बटाटा, पातळ रस्सा आणि दिवसभर थोडे थोडे पाणी हे सोसते. शेवटच्या पाच मिनिटांत ढोसलेले लिटरभर पाणी तासाभरात निघून जाते. दुपारी उपाशी माणसाचे जे डोके दुखते ते बहुतेक वेळा भुकेने नव्हे, चहा-कॉफी तुटल्याने. जाणकार लोक तीनचार दिवस आधीपासून कप कमी करत आणतात.

उपवास मुलींना 12 वर्षे आणि मुलांना 13 वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो. नऊ वर्षांखालील मुलाला उपाशी ठेवत नाहीत. बाळंतिणीला पहिले तीन दिवस उपवास नाही. निरोगी गर्भवतीने तो करावा असा मूळ नियम आहे, पण त्रास होऊ लागला की तिला खायला देतात. जिवाला धोका असेल तर खाणे हेच कर्तव्य. अशा वेळी हट्टाने उपाशी राहणे पुण्य नसून दोष मानला जातो. मधुमेहींच्या बाबतीत हा हट्ट वारंवार आढळतो आणि तो महागात पडतो. वैद्य आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) यांना आधी विचारून ठेवतात. पूर्ण खाण्याची गरज नसली तर मापाने खाण्याची सोय आहे : साधारण 30 ग्रॅम अन्न, मग सुमारे नऊ मिनिटे थांबून पुन्हा तेवढेच. मोठ्या खजुराएवढे अन्न एका बैठकीत पोटात गेले तर उपवास मोडतो, म्हणून प्रत्येक भाग त्याहून कमी ठेवायचा. पाण्याचे माप ज्याच्या त्याच्या तोंडावर : आदल्या दिवशी एक गाल फुगेल एवढे पाणी तोंडात घेऊन पेल्यात काढतात, पेल्यावर खूण करतात आणि पिताना त्या खुणेच्या खाली राहतात.

उपवासाने सगळे पाप फिटते असा समज चुकीचा आहे. मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह स्पष्ट सांगतो की माणूस आणि देव यांच्यातले अपराध हा दिवस पुसतो. माणसामाणसांतले अपराध मात्र समोरच्याची समजूत काढल्याशिवाय पुसले जात नाहीत. म्हणून आधीच्या दिवसांत लोक देणी फेडतात, शेजाऱ्या-नातेवाइकांची माफी मागतात. पहिल्यांदा नकार मिळाला तर तीनदा जावे, असा दंडक आहे.

संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, कोल निद्रे होते. खरे तर ही प्रार्थनाच नव्हे. अरामी भाषेतला, देवापुढे केलेले नवस रद्द करण्याचा तो कायदेशीर मसुदा आहे. पवित्र दिवस लागल्यावर असे कामकाज चालत नाही, म्हणून तो उजेड असतानाच सुरू करून तीनदा म्हणतात. तलित ही झालरीची शाल एरवी दिवसा पांघरायची. सगळ्या मंडळीने रात्रीही पांघरण्याची ही वर्षातली एकच रात्र. घरी 24 तासांहून अधिक टिकणारा दिवा लावलेला असतो.

एरवी दिवसाला तीन प्रार्थना, शब्बाथला चार, इथे पाच. प्रत्येकीत पापांची कबुली असते. ती ‘आम्ही’ अशी अनेकवचनी आणि हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने. एकेका शब्दाला मुठीने छातीवर हलकेच टकटक करायचे. सकाळच्या वाचनात यशया संदेष्ट्याचा उतारा असतो, आणि तो उपवासावरच घसरतो : भुकेल्याला भाकर न देता नुसते मान खाली घालून बसणे हा कसला उपवास! भर उपवासात हे वाचायला लावणाऱ्यांची निवड मार्मिक म्हणावी लागेल.

दुपारच्या आधीच्या मुसाफ या जादा प्रार्थनेत जेरुसलेमच्या मंदिरातला विधी शब्दांनी उभा करतात. मंदिर इ.स. 70 मध्ये रोमनांनी पाडले. विधीची बारीकसारीक कृती मात्र पाठ आहे. मुख्य याजक दिवसभरात पाच वेळा स्नान करी आणि दहा वेळा हातपाय धुई. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकत; एक देवाला बळी, दुसरा रानात ‘अजाजेल’ या गूढ नावाकडे सोडायचा. बळींच्या रक्ताचे शिंतोडे एकदा वर आणि सात वेळा खाली, आणि मोजणी मोठ्याने : ‘एक, एक आणि एक, एक आणि दोन, एक आणि तीन…’ पहिला शिंतोडा दर वेळी नव्याने मोजला की हिशेब चुकत नाही. असे आठाआठाचे चार फेरे, वेदीच्या कोपऱ्यांवर चार आणि माथ्यावर सात, मिळून 43. याच प्रार्थनेत पुष्कळ ठिकाणी मंडळी जमिनीवर साष्टांग घालते. दगडी फरशीवर कपाळ टेकणे वर्ज्य असल्याने आधी कापड किंवा कागद पसरतात.

तिसऱ्या प्रहरी, शरीर थकलेले असताना, योना संदेष्ट्याचे अख्खे पुस्तक वाचतात : निनवे शहराने उपवास केला आणि ते वाचले. मरगळ घालवायला सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेची) मंडळी लवंगा टोचलेले फळ किंवा मसाल्याची डबी हुंगतात. वास घेणे निषिद्ध नाही, आणि वासाचा आशीर्वाद, म्हणजे देवाची स्तुती करणारे छोटे वचन, म्हटल्याने रोजचे 100 आशीर्वाद भरायलाही मदत होते. जेवण नसल्याने ते एरवी कमी पडतात. शेवटची नेइला, म्हणजे दार लावण्याची प्रार्थना, हा कळस. तोरा ठेवलेले कपाट उघडे असते, ज्यांना झेपते ते तासभर उभे राहतात. शेवटी ‘शमा’ हे देव एकच असल्याचे वचन एकदा आणि ‘परमेश्वर हाच देव’ सात वेळा म्हणून शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, फुंकतात. अश्केनाझींमध्ये, म्हणजे मध्य व पूर्व युरोपच्या परंपरेतल्या ज्यूंमध्ये, बहुधा एकच लांब सूर असतो.

मग हवदाला, म्हणजे पवित्र दिवसाला निरोप देण्याचा विधी. तिच्यासाठी दिवसभर तेवत राहिलेल्या दिव्यावरूनच ज्योत घेतात. बेने इस्राएल घरांत धार्मिक विधींना वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत वापरण्याची रीत आहे. उपाशी पोटी एकदम भरपेट जेवल्यास मळमळते. आधी पाणी किंवा शरबत आणि हलके काही, जेवण अर्ध्या तासाने. त्याच रात्री पुढच्या सुक्कोत सणाच्या मांडवाचे काम निदान नावाला सुरू करतात.

इस्राएलमध्ये या दिवशी विमानतळ बंद असतो आणि रस्ते मोकळे. मुले महामार्गावर सायकली फिरवतात. 6 ऑक्टोबर 1973 ला याच दिवशी इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला. महाराष्ट्रात मुंबईचे 1796 मधील शआर हारहमीम, ठाण्याचे 1879 मधील शआर हाशामाइम, अलिबागचे मागेन अबोथ अशा सिनेगॉगांत हा दिवस पाळला गेला आहे. जुन्या काळी कोकणातील गावांत बेने इस्राएल कुटुंबे आधी ऊन आणि मग गार पाण्याने नाहून पांढरी वस्त्रे नेसत, दार लावून घेत आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. पुढचा दिवस शिळा सण : दारे उघडत, गोरगरिबांना दान देत आणि सोयऱ्याधायऱ्यांकडे भेटीला जात.